स्नेक आइज, १९८२: डागडुजीच्या नोंदी

१४ जून

आज काम हातात घेतलं. जी. आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांच्या अमेरिकी मालिकेतला स्नेक आइज, १९८२ची पहिली आवृत्ती, उंची पावणेचार इंच, अंगभर काळा. मालक माझा मामेभाऊ. न्यू जर्सीत कुणीतरी गॅरेजबाहेर जुनं सामान विकायला मांडलं होतं, त्यात दादाला हा मिळाला. मामी परवा तिकडून आली, तिच्याबरोबर साबणाच्या डबीत कापूस घालून पाठवलाय.

डबी उघडली तर सैनिक सुट्या भागांत. आतलं रबर तुटलंय, त्यामुळे धड एकीकडे, कंबर एकीकडे, पाय एकीकडे. पाठीच्या स्क्रूवर गंज. उजव्या कोपराच्या रिव्हेटजवळ केसाएवढी चीर. खांद्यांवर आणि गुडघ्यांवर ओरखडे, सगळ्या अंगावर पांढुरकी साय, गॉगलच्या कडांत वर्षानुवर्षांचा मळ.

चांगली गोष्ट ही की दोन्ही अंगठे जागेवर आहेत आणि कमरेचा तुकडा अखंड आहे. या मापाच्या जो सैनिकांत आधी जातात त्या याच दोन जागा. मूठ घट्ट असते, मुलं जोर लावून बंदूक आत दाबतात आणि अंगठा तुटतो. कमरेचा तुकडा दोन पायांच्या मध्ये निमुळता होत जातो, पाय फाकवले की सगळा ताण तिथे येतो. चाळीस वर्षांहून जुन्या खेळण्यात हे दोन्ही टिकलंय, म्हणजे ज्या मुलाचं हे होतं त्यानं ते जीव लावून सांभाळलं असणार.

उझी बंदूक सोबत आहे. स्फोटकांची पाठपिशवी नाही.

दादानं चिठ्ठीत तीन कामं लिहिलीत: रबर बदल, स्वच्छ कर, आणि गॉगलला जरा चंदेरी रंग दे म्हणजे चेहरा उठून दिसेल. पहिली दोन करणार. तिसऱ्याबद्दल त्याच्याशी बोलायचंय.

१६ जून

ओळख पक्की केली. स्नेक आइजची ही मूर्ती १९८२ची आणि १९८३ची अशा दोन रूपांत बाजारात आली, आणि वरवर पाहिलं तर दोन्ही एकच वाटतात. फरक दंडात आहे. १९८२चे हात खांद्यातून फिरतात आणि कोपरात वाकतात, एवढंच. १९८३मध्ये ही खेळणी काढणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीनं कोपराच्या वर, दंडातच, गोल फिरणारा सांधा दिला आणि सैनिकाला बंदूक दोन्ही हातांनी छातीशी धरता येऊ लागली. सांगायला छोटा बदल, पण हातात घेतल्यावर त्यानं खेळण्याचा नूरच पालटतो. त्याआधीच्यांना जमवणारे लोक ‘सरळ हाताचे’ म्हणतात. दादाचा सरळ हाताचा आहे. कमरेच्या मागे १९८२ साल, हॅस्ब्रोचं नाव आणि हाँगकाँगचा छाप भिंगातून स्वच्छ वाचता येतो.

डोकंही फक्त डावीकडे-उजवीकडे वळतं. गोळ्याच्या सांध्याचं, वर-खाली बघणारं डोकं १९८५मध्ये आलं, आणि त्याच वर्षी स्नेक आइजची दुसरी आवृत्ती निघाली: डोळ्यांवर पट्ट्यापट्ट्यांचा मुखवटा, हातात तलवार, सोबत टिंबर नावाचा लांडगा. बहुतेकांच्या मनात स्नेक आइज म्हणजे तो. दादाच्या मुलाच्याही मनात तोच असणार. या पहिल्याकडे तलवार नाही, लांडगा नाही, एक थेंब रंगही नाही. मला हाच जास्त आवडतो आणि का ते पुढे सविस्तर लिहीन.

१९ जून

स्क्रू निघाला.

पाठीतला हा स्क्रू भोकात खोल बसवलेला असतो, कारण त्याच भोकात पाठपिशवीची खुंटी रोवायची असते. पिशवी हरवली की भोक उघडं पडतं आणि धूळ, घाम, दमट हवा थेट स्क्रूपर्यंत पोचते. गंजाचं मूळ तिथे. काल रात्री शिवणयंत्राचं तेल सुईच्या टोकानं फक्त स्क्रूच्या डोक्यावर सोडलं, प्लास्टिकला लागू दिलं नाही. सकाळी फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लावला. इथे टोक खाचेत गच्च बसेल असंच निवडावं लागतं. चष्म्याच्या किटमधला बारीक ड्रायव्हर लावला की खाच खरवडते, मग स्क्रू कायमचा आत. सरळ दाब देऊन हळू पिळला तर कर्र करून सुटला.

धड दोन भागांत उघडलं. आतली रचना पहिल्यांदा बघणाऱ्यानं जरा वेळ नुसती बघावी अशी आहे. छाती आणि पाठ म्हणजे दोन कवचं. मान आणि दोन्ही खांदे या कवचांच्या मध्ये चिमटीत धरलेले, त्यांना वेगळा खिळा नाही. खाली दोन मांड्यांच्या मध्ये इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा धातूचा आकडा. त्या आकड्यात रबराची एक रिंग अडकवायची, ती कमरेच्या तुकड्यातल्या भोकातून वर काढायची आणि धडाच्या आतल्या, स्क्रू जिच्यात बसतो त्या खुंटीला लावायची. झालं. पाय, कंबर आणि धड यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ताणलेली एक रिंग. तिच्यामुळे सैनिक कमरेत वाकतो, वळतो, बसतो, गुडघा टेकून नेम धरतो. आणि ती वाळून तुटली की सैनिकाचे दोन तुकडे.

जुन्या रिंगचे तुकडे कडक झालेत, नखानं दाबले की भुगा होतो.

२२ जून

आज काम थोडं, लिहिणं जास्त. हा काळा का आहे ते लिहून ठेवते, कारण दादाशी बोलताना हेच लागणार.

जी. आय. जो सुरू झाला १९६४मध्ये, ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावच्या हॅसनफेल्ड बंधूंच्या कंपनीत. हॅस्ब्रो हे त्याच नावाचं आखूड रूप. स्टॅन वेस्टननं कल्पना आणली, डॉन लेव्हिननं ती उभी केली. तो जो जवळजवळ बारा इंचांचा, कापडी गणवेश घालता-काढता येणारा. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत म्हणून त्याला बाहुली म्हणायचंच नाही, ‘अॅक्शन फिगर’ म्हणायचं, असं कंपनीत ठरलं होतं. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध लोकमत तापलं तेव्हा सैनिक विकणं जड जाऊ लागलं आणि १९७०मध्ये त्याच जोला साहसी पथकाचा माणूस करून टाकला. पुढे तेल महागलं, प्लास्टिक महागलं, आणि सत्तरचं दशक संपायच्या आत जो दुकानांतून गेला.

१९८२मध्ये तो परत आला तो पावणेचार इंचांचा होऊन. स्टार वॉर्सच्या खेळण्यांनी हे माप चालतं हे दाखवून दिलं होतं. लहान मूर्ती म्हणजे गाड्या, रणगाडे, तळ असं सगळं त्याच मापात विकता येतं. आणि आता एकच जो नव्हता, अख्खी तुकडी होती. प्रत्येकाला टोपणनाव, प्रत्येकाचं काम वेगळं.

तुकडी म्हणजे खर्च. साचे महाग, रंगकाम महाग. मूर्तीवर रंगाचा प्रत्येक हात म्हणजे कारखान्यात आणखी एक पायरी. म्हणून पहिल्या वर्षी हॅस्ब्रोनं भाग वाटून वापरले. ब्रेकर, क्लच आणि रॉक अँड रोल हे तिघे शेजारी ठेवून बघा: तेच दाढीवालं डोकं, फक्त केसांचा रंग निराळा. तरीही हिशोब बसेना. तेव्हा ठरलं की एक सैनिक सरळ काळ्या प्लास्टिकमध्ये ओतायचा आणि तसाच पाकिटात घालायचा. डोळे रंगवायचे नाहीत म्हणून चेहऱ्यावर कापडी मुखवटा आणि गॉगल. मूर्तींची चित्रं रॉन रुडाट काढत होता. त्यानं या काळ्यालाही कपड्याच्या चुण्या, गॉगलची कड, सगळं नीट दिलं, फक्त ते दाखवायला रंग नव्हता. पुठ्ठ्यावर लिहिलं: कमांडो. सांकेतिक नाव: स्नेक आइज.

म्हणजे बाकीच्यांचे रंग परवडावेत म्हणून ज्यानं स्वतःचा रंग सोडला तो हा. आणि मालिकेतला सगळ्यात लाडका सैनिक पुढे हाच झाला. मी आजवर हाताळलेल्या खेळण्यांत मला याहून सुंदर हकीकत माहीत नाही.

२५ जून

भोसरीला जाऊन आले. पंप, सिलिंडर, हायड्रॉलिकची सीलं विकणारं दुकान आहे, तिथे ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, सुटी मिळते.

काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “कुठल्या पंपाची, ताई?”

मी डबीतून आकडा आणि जुन्या रिंगचे तुकडे काढून ठेवले. “पंपाची नाही काका, खेळण्यातल्या सैनिकाच्या कमरेची आहे.”

त्यांनी चष्मा वर केला, आकडा तळहातावर घेतला, मग तुकड्याची जाडी व्हर्नियरनं मोजली. “ताण कायम राहणार का?”

“कायम.”

“मग नायट्रिल रबर घ्या. सिलिकॉन वर्षानुवर्षं मऊ राहतं, पण धातूच्या कडेवर घासलं की फाटतं. तुमच्या या आकड्याला कड आहे.” त्यांनी आकड्याच्या वाकावर बोट फिरवून दाखवलं. खरंच एका बाजूला ओतकामाची बारीक धार उरलेली आहे. मी इतके दिवस बघून मला ती जाणवली नव्हती आणि त्यांना बोट लावताच कळली.

तीन मापांच्या काळ्या नायट्रिल रिंगा घेतल्या. “उन्हात ठेवू नका आणि वापरात नसला तर बसवून ठेवा, उभा ताणून नको,” हेही त्यांनीच सांगितलं. वाहनांच्या आणि यंत्रांच्या सीलांवर आयुष्य काढलेल्या माणसानं पावणेचार इंचांच्या सैनिकाला तेवढ्याच गांभीर्यानं घेतलं याचा फार आनंद झाला.

२८ जून

धुणं. पाण्यात बुडवायचं नाही, कारण कोपर आणि गुडघ्यांत लोखंडी रिव्हेट आहेत, पाणी आत शिरलं की पुन्हा गंज. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, त्यात मऊ टूथब्रश बुडवून झटकायचा आणि मग घासायचं. गॉगलच्या कडेसाठी दातकोरणीला कापूस गुंडाळला.

साय निघाली. खाली प्लास्टिक दिसलं ते निव्वळ काळं नाही, किंचित करड्या झाकेचं, मंद. ओरखडे तसेच ठेवलेत. पॉलिश लावून ते लपवता येतात, पण पॉलिशनं चकाकी येते आणि ही मूर्ती चकाकणारी नाही. कारखान्यातून जशी मंद निघाली तशीच राहायला हवी. मळ काढणं माझं काम, वय काढणं नाही.

पावसाळी हवा आहे. सगळे भाग बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवले. स्क्रू व्हिनेगरमध्ये.

२९ जून

स्क्रू स्वच्छ. धुऊन, पुसून, वाळवून तेलाचा हात दिला. मूळचाच स्क्रू परत लागेल.

४ जुलै

रात्री दादाचा फोन. तिकडे सुट्टी, त्यामुळे निवांत बोलला. स्वच्छ केलेल्या डोक्याचा फोटो आधीच पाठवला होता.

“अगं, सुरेख दिसतोय. पण नुसता काळाच ना! गॉगलला थोडा चंदेरी हात दे. पोराला कळणार कसं, हा कोण आहे ते?”

“दादा, कुणालाच कळू नये म्हणून तर तो तसा आहे.”

“आपले लहानपणीचे फनस्कूल कंपनीचे जो आठव. कसले रंगीबेरंगी होते!”

“ते तसे आले होते म्हणून. हा असा आलाय.”

मग मी त्याला लॅरी हामाबद्दल सांगितलं. दादाला खेळणी आठवतात, पण हा माणूस माहीत नव्हता.

हॅस्ब्रोनं मालिकेबरोबर कॉमिक काढायचं ठरवलं आणि मार्व्हल या कॉमिक कंपनीकडे गेली. जो तुकडीला लढायला शत्रूच नव्हता. कोब्रा ही संघटना आर्ची गुडविननं तिथे सुचवली. लेखन हामाकडे आलं. जपानी वंशाचा न्यूयॉर्ककर, स्वतः व्हिएतनाममध्ये सैन्याच्या अभियंता दलात राहून आलेला. एवढी पात्रं सांभाळायची म्हणून त्यानं स्वतःसाठी प्रत्येकाची टिपणं लिहिली: खरं नाव, जन्मगाव, हुद्दा, कशात तरबेज, स्वभाव कसा. हॅस्ब्रोला ती इतकी आवडली की खेळण्याच्या पुठ्ठ्यामागेच छापली, कापून जपून ठेवायची कार्डं म्हणून. अमेरिकेतल्या एका पिढीनं माणसाचं वर्णन थोडक्यात कसं करावं हे त्या कार्डांवरून शिकलं असेल.

आणि त्याच्यापुढे आला हा बिनरंगाचा काळा पुतळा. दुसऱ्या कुणी चटकन काहीतरी नाव-गाव चिकटवलं असतं. हामानं कार्डावर नाव: गोपनीय. क्रमांक: गोपनीय. जन्मगाव: गोपनीय. मूर्तीवर जे नव्हतं ते त्यानं भरलं नाही, उलट तेच पात्राचं मर्म केलं. चेहरा नाही, मग चेहरा का नाही? बोलत नाही, मग का बोलत नाही?

मार्च १९८४च्या २१व्या अंकात तर त्यानं अख्खी गोष्ट एकाही शब्दाशिवाय सांगितली. संवाद नाही, निवेदन नाही, आवाजाची अक्षरंसुद्धा नाहीत. कोब्राच्या किल्ल्यात जो तुकडीतली स्कार्लेट कैदेत, स्नेक आइज तिच्यासाठी आत घुसतो, आणि शेवटी कळतं की त्याच्या हातावर, कोपराच्या खाली, जे गोंदण आहे तेच शत्रूच्या, स्टॉर्म शॅडोच्या, हातावरही आहे. पानांची मांडणी हामानं स्वतः काढली, रेखाटन स्टीव्ह लेइअलोहानं पुरं केलं. त्याच वर्षी २६ आणि २७व्या अंकांत मागची गोष्ट आली. व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मुलखात खोल शिरणाऱ्या टेहळणी पथकात जो तुकडीतला स्टॉकर, स्टॉर्म शॅडो आणि हा एकत्र होते. हा गोळी लागून पडला तेव्हा मागे फिरून त्याला उचलून आणणारा स्टॉर्म शॅडोच. युद्धावरून घरी परतला तर विमानतळावर कळलं की आई, वडील आणि जुळी बहीण अपघातात गेली. पुढे जो तुकडीच्या एका मोहिमेवर हेलिकॉप्टर पेटलं. स्कार्लेटचा पट्टा अडकला, बाकीच्यांनी उड्या घेतल्या, हा तिला सोडवायला थांबला. खिडकी फुटून आग तोंडावर आली. चेहरा जळला, आवाज गेला.

“म्हणजे मुखवटा आधी होता आणि गोष्ट नंतर आली?” दादानं विचारलं.

“हो. वाचवलेल्या रंगातून गोष्ट निघाली.”

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बरं, राहू दे काळा. पण पोराला हे सगळं तू सांगायचंस. मला असं जमणार नाही.”

ठरलं. रंग नाही. त्याऐवजी मुलासाठी मी मराठीत कार्ड लिहून देणार. घरी तो मराठी बोलतो, वाचायला नुकताच लागलाय.

१० जुलै

कोपराची चीर. सुपरग्लू वापरायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि हवेतल्या ओलाव्यानं पांढरी होते. पुण्याच्या जुलैत तर हमखास. रंगीत मूर्तीवर ते खपून जाईल, काळ्यावर कोपराभोवती पांढरा डाग कायमचा राहील.

त्याऐवजी एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन. चाकणला पॅकिंग लाइनवर असलेल्या मित्रानं बाटलीच्या तळाशी दिलं. पाकिटांवर तारीख छापणाऱ्या यंत्रांच्या शाईत हे पातळ द्रव्य असतं. ते चिकटवत नाही, प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात. आधी धडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला टाचणीएवढा ठिपका लावून पाहिला: प्लास्टिक मऊ झालं, म्हणजे चालणार. मग खिडक्या उघडून, हातमोजे घालून, शून्य नंबरचा ब्रश बुडवून त्याचं टोक चिरेला फक्त टेकवलं. द्रव्य आपोआप चिरेत ओढलं गेलं, भिंगातून ती काळी रेघ क्षणभर ओली दिसली आणि मिटली. कोपर सरळ ठेवून बाजूंनी हलका दाब, कपड्यांचा प्लास्टिकचा चिमटा, मध्ये कापडाची घडी.

११ जुलै

हात लावलेला नाही. पाऊस.

१६ जुलै

जोडणी. आधी आकड्याची धार, काकांनी दाखवलेली, बाराशेच्या पॉलिश पेपरनं मोडली. नव्या रिंगला ती पुन्हा कापायला नको.

तीनपैकी मधल्या मापाची रिंग बरोबर बसली. सैल रिंग लावली तर सैनिक कमरेत लुळा पडतो, फार ताठ लावली तर कमरेच्या तुकड्यावर रोजचा ताण पडून तोच फुटतो. उभा केल्यावर आपल्या पायांवर राहील आणि वाकवल्यावर हाताला किंचित विरोध जाणवेल इतपत ताण हवा.

रिंग कमरेच्या भोकातून वर काढायला गोधडी शिवायचा जाड दोरा ओवून घेतला. दोरा वर ओढायचा, रिंग खुंटीवर चढवायची, मग दोरा हलकेच काढून घ्यायचा. चिमट्यानं ओढली तर रिंगला टोचा बसतो आणि काही महिन्यांनी तिथूनच तुटते. नंतर मान, दोन्ही खांदे आपापल्या खाचेत, वरून छातीचं कवच.

स्क्रू लावताना आधी उलटा फिरवला. जुन्या आट्याशी आला की बारीकसा टक्क जाणवतो. तिथून सुलटा, हलक्या हातानं. सरळ पिळला असता तर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडले असते आणि खुंटी दुबळी झाली असती. कवचं मिटली, अजून पाव फेरा, आणि थांबले.

उभा राहिला. कमरेत वळतो, गुडघा टेकतो, उझी उजव्या मुठीत अंगठ्याला ताण न देता बसते. कोपराची चीर शोधून सापडत नाही.

२० जुलै

दादा फोनवर फनस्कूल म्हणाला म्हणून माळ्यावरचं खोकं काढलं. आमच्या लहानपणी जे जो होते ते हेच. मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे टायरवाली एमआरएफ, आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७मध्ये फनस्कूल उभी केली. तिचा कारखाना आपल्या गोव्यात. साचे हॅस्ब्रोचे, रंग मात्र कितीदा इथले: अमेरिकेत जो सैनिक हिरवा-करडा तो आपल्याकडे भडक होऊन यायचा. आज जगभरचे संग्राहक तेवढ्यासाठी भारतीय जो शोधतात. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला, जपानमध्ये ताकारा, इंग्लंडमध्ये पॅलिटॉय, अशी ही फौज देशोदेशी वेगवेगळ्या पुठ्ठ्यांवर पोचली.

खोक्यातल्या एकाची रिंग अशीच वाळलेली. उरलेल्या रिंगांतली एक बसवली, तंतोतंत बसली. हाँगकाँगच्या छापाचा आणि भारतीय छापाचा, दोघांच्या पोटात आता भोसरीचं रबर. दोघांचा एकत्र फोटो काढून दादाला पाठवला. त्याचं उत्तर: “हा रंगीत माझा होता, तुझा नाही.” वाद त्यानं इथे आल्यावर मिटवू.

२६ जुलै

कार्ड लिहिलं. मूळ कार्डाचा क्रम ठेवला, वाक्यं मुलासाठी माझी.

नाव: गोपनीय. जन्मगाव: गोपनीय. हुद्दा: सार्जंट. मुख्य काम: पायदळ. दुसरं काम: नि:शस्त्र लढाईचा शिक्षक.

मूळ कार्ड सांगतं की तो बारा प्रकारच्या नि:शस्त्र युद्धकलांत पारंगत आहे आणि नाटो व वॉर्सा करार, दोन्हीकडची छोटी शस्त्रं चालवण्यात निष्णात. शीतयुद्ध ऐन भरात होतं तेव्हाचं हे वाक्य, आणि नऊ वर्षांच्या मुलाला वॉर्सा करार काय कळणार? तरी ते ठेवलं. विचारेल, आणि दादाला सांगावं लागेल. खाली मी एवढं लिहिलं: “हा बोलत नाही. एका मैत्रिणीला आगीतून सोडवताना त्याचा आवाज गेला. त्याला काय वाटतं ते त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायचं.”

हेलिकॉप्टरची गोष्ट या मूर्तीनंतर दोन वर्षांनी लिहिली गेली, म्हणून ती कार्डावर घ्यावी की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. १९८२च्या कार्डात ती नाही. पण हे कार्ड मुलासाठी आहे, संग्रहालयासाठी नाही, आणि स्नेक आइजवर प्रेम जडतं ते त्या गोष्टीमुळे. घेतली. मागच्या बाजूला मात्र साल लिहून ठेवलंय: मूर्ती १९८२, गोष्ट १९८४.

२ ऑगस्ट

दादा गणपतीला येतोय, तेव्हा हातात देईन. कुरियर नको.

पाठपिशवी अजून मिळायची आहे. मित्र म्हणाला, त्रिमितीय छपाई करून देतो. चालेल, पण दोन अटींवर: रंग गडद करडा, मूर्तीच्या काळ्यापेक्षा वेगळा कळेल असा, आणि तळाशी यंदाचं साल कोरलेलं. पुढे कधी ही मूर्ती दुसऱ्या कुणाकडे गेली तर नवी पिशवी जुनी म्हणून खपायला नको. खुंटीचं माप पाठीच्या भोकाहून अंशभर कमी ठेवायला सांगितलंय. घट्ट खुंटी दाबून बसवली की पाठीचं कवच त्या भोकापासून तडकतं.

दादासाठी सूचना कार्डाबरोबर ठेवल्यात. खेळू द्यायचं, काचेत बंद करायचं नाही. बंदूक मुठीत बाजूनं सरकवायची, वरून दाबायची नाही. ठेवताना बसवून ठेवायचा, खिडकीच्या उन्हात नाही. कमरेत सैल वाटू लागला तर रिंग बदलायची वेळ झाली. सुट्या दोन रिंगा पाकिटात आहेत, आणि दोरा ओवूनच ओढायची.